उभ्या भाताला विळा

त्या श्रावणात आमच्या चिबडातलं भात बघायला लांबलांबून माणसं येऊ लागली. मी पदर पुढं ओढून बांधाच्या कडेला देवळातल्या मूर्तीसारखी उभी राहायचे आणि कानानं मात्र एकेक शब्द वेचून घ्यायचे. शेळगावहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं वाकून पात हलवून बघितली आणि म्हणाला, "ह्याला हिरवं म्हनावं का काळं म्हनावं?" माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणत असे, मिशीवरून बोट फिरवत बोलले, "काय म्हनायचं त्ये म्हना, पर लांबनं म्हना. दिष्ट लागंल." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळी खाचराच्या चारी कोपऱ्यांत काठ्या उभ्या राहिल्या आणि काठ्यांवर जुन्या फाटक्या वहाणा लोंबायला लागल्या. त्यातली एक माझी होती, आणि ती फाटलेली नव्हती.

आमचा मळा बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या खालच्या अंगाला. वरच्या रानात ऊस. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं झिरपून खालच्या टोकाचा तुकडा चिबड झाला होता, म्हणजे जमिनीच्या पोटातच पाणी साठून राहिलेलं. तिथं ज्वारीची मुळं कुजायची, ऊस पिवळा पडायचा, लव्हाळा तेवढा वाढायचा. "तितं फकस्त बेडकं पिकत्यात," असं मामंजी म्हणायचे. मी भोरच्या पलीकडची, डोंगरातली, दोन्ही वेळा भात खाऊन वाढलेली. सासरी भात म्हणजे सणाचं नाही तर आजाऱ्याचं अन्न. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी एकदा धीर करून विचारलं, "मामंजी, तुमची बेडकं मला देता का?"

ओसरीवरच्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. सून असं बोलते! मामंजींनी माझ्याकडं बघितलं, चिबडाच्या दिशेला बघितलं आणि हसले. "घे की. पिकवून दाव."

बी माझ्या आईनं दिलं. आंबेमोहर. आमच्या गावात आंबेमोहर पुष्कळ घरी होतं, पण आईचं वेगळं. तिच्या सासूनं तिला दिलेलं, आणि ती दरवर्षी कापणीच्या आधी खाचरात एकटी फिरून सगळ्यांत भरलेल्या लोंब्या हातानं खुडून घ्यायची. त्या आढ्याला टांगलेल्या असायच्या आणि घरात कितीही ओढ असली तरी त्यांना कोणी हात लावायचा नाही. त्यातलं अर्धं बी तिनं पिशवीत भरून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "खायाला न्हाय देत, पेराया देती. इसरू नगस."

विसरते कशाला! पण खताचं मात्र माझ्या हातात नव्हतं. ते खातं मालकांचं. मालक म्हणजे माझे यजमान. मनानं लोण्यासारखा माणूस, पण हाडाचे ऊसवाले. तालुक्याला शेतीखात्यानं जपानी पद्धतीच्या भाताचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं, ते बघून आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. दोरी धरून ओळीत लावणी करायची, हे त्यांनी मला अंगणात काथ्या ताणून, स्वतः वाकून, मागं मागं सरकत करून दाखवलं आणि तुळशीवृंदावनाला पाठ आपटून घेतली. मग म्हणाले, "आणि सल्फेट घालायचं."

सल्फेट म्हणजे पांढरं, दाणेदार खत. दिसायला साखरेसारखं. उसाला ते किती द्यावं याचा आमच्याकडं एकच नियम होता: शेजाऱ्यानं दिलं त्यापेक्षा जास्त. ऊस ते खायचा, फुगायचा, गाडी वजनदार व्हायची. आमच्या माहेरी खत म्हणजे रोपाच्या जागी पालापाचोळा जाळायचा आणि खाचरात शेणाच्या चार पाट्या टाकायच्या. त्यामुळं मालक पाटी कमरेला लावून मुठीमुठीनं पांढरं फेकू लागले, तेव्हा मी नुसती बघत राहिले. लावणीनंतर एकदा टाकलं. पंधरवड्यानं परत टाकलं. तिसऱ्यांदा पाटी उचलली तेव्हा मी म्हणाले, "अवो, बास की."

"अगं, उसाला एवढं देतो, मग तुज्या भाताला काय सावत्र वागवू व्हय?"

आता यावर कोणती बायको भांडेल? मी लाजले. आणि भात बघता बघता असं उसळलं, की एकेका रोपाला किती फुटवे आले ते मोजायचा मला कंटाळा आला. आमच्या डोंगरात असं हिरवं मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं लोंब्या डुलत होत्या, आई पदराला डोळे पुसत होती आणि सबंध बारामती माझ्या दारात भात मागायला रांगेत उभी होती.

गौरी बोळवल्या त्या दुपारी माझा थोरला भाऊ आला. मला माहेरी न्यायला आला असेल म्हणून मी धावत गेले, तर त्याच्या पायाला वाळलेला चिखल आणि तोंडावर कळा नाही. पाणी प्यायला आणि ओसरीच्या पायरीवरच बसला.

"ओढा फुटला, बाय," तो म्हणाला. "खाचरात मानसाएवढालं धोंडं आलं. वर वाळू. आपली दोनी खाचरं गेली. एक काडी दिसत न्हाय."

"आणि बी?"

"आईनं हुतं तेवढं समदं पेरलं हुतं. ती काय रडली न्हाय. म्हनली, जा, बायकडं हाय. बाय आपलं बी परत दील."

म्हणजे आईचं, तिच्या सासूचं, कोण जाणे किती पिढ्यांचं ते बी आता जगात एकाच ठिकाणी उभं होतं. आमच्या बेडकांच्या चिबडात. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, छाती थोडी फुगलीही. "चल दादा," मी म्हणाले, "चल, दाखवते तुला तुजं बी." मागून मालक आले, त्यांच्या मागून मामंजी. मिरवणूकच निघाली.

भाऊ बांधावर उभा राहिला. बघितलं. मग वहाणा काढून आत उतरला. भात त्याच्या छातीला लागत होतं. त्यानं एक बुंधा मुठीत धरला, दाबला, सोडला. दुसरा धरला. पातींच्या गर्दीत हात घातला तर कोपरापर्यंत नाहीसा झाला. त्याचं ते गप्प राहणं मला सोसेना.

"कसं हाय?" मालकांनी हौसेनं विचारलं.

"दाजी, काय घातलंय ह्याला?"

"सल्फेट."

"कितींदा?"

"उसाला घालतो तितक्यांदा."

भाऊ बाहेर आला आणि मटकन बांधावर बसला. "दाजी, ऊस काडीसाठी लावत्यात. भात काय काडीसाठी लावत्यात व्हय?"

"काडी जोमात तर दाणा जोमात," मालक म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता.

"न्हाय. आमच्याकडं गोठ्याच्या खालच्या अंगाला एक खाचर हाय. गुरांचं मूत वाहून तितंच जातं. तितलं भात दरसाल असंच माजतं. समदं पात्यात जातं. फुटव्यावर फुटवं, एकाच्या सावलीत दुसरा. दिस भरलं तरी निसवत न्हाय, लोंबी भाईर पडत न्हाय. काडी उंच, पर पोकळ नि मऊ. मग हस्ताचा वारा सुटला का आडवं. वर टरफल धरतं, आत दाना न्हाय. मूठभर भात हातात घ्या, फुंकर मारा, हात रिकामा." त्यानं एक काडी उपटून माझ्या हातात दिली. "बघ बाय. आपल्याकडं ह्या दिसांत काडी गोल व्हाय लागती. ही अजून चपटी."

मी काडी दोन बोटांत फिरवली. चपटी होती. लहानपणापासून हजार वेळा फिरवलेली काडी, आणि दोन महिने कौतुकाच्या नादात मी एकदाही फिरवली नव्हती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय! आईला काय सांगू त्याचा इचार करतोय."

मामंजी ताडकन म्हणाले, "पाव्हनं, आमच्या रानात उभं ऱ्हाऊन आमच्याच पिकाला नावं ठेवू नगा. अख्खा तालुका बघून गेलाय."

"तालुक्यानं भात कदी पिकवलंय का, आबा?"

तिथंच दोघांची जुंपली असती, पण बांधाच्या पलीकडून खोकल्याचा आवाज आला. आमच्या रानात दर उन्हाळ्यात मेंढरं बसवायला येणारे धनगर तात्या काठीवर रेलून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. भाताकडं ते असे बघत होते, जसं लहान पोर जिलेबीच्या कढईकडं बघतं.

"आबा," ते म्हणाले, "गहू माजला का तुमी काय करता?"

"मेंढरं सोडतो वरवर चाराया," मामंजी म्हणाले.

"शेंडा खाल्ला का गहू दबतो, मग बुंधा धरतो. मग हितं काय अडचन हाय?"

"भातावर मेंढरं? तात्या, तुमाला भातातलं काय कळतं?"

"काय बी न्हाय," तात्या आनंदानं म्हणाले. "मला मेंढरांच्या पोटातलं कळतं. समदी उपाशी हायती."

हसावं की रडावं! पण भाऊ हसला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. माजलेल्या भाताची पात छाटतात असं आम्ही दोघांनीही कधी तरी ऐकलं होतं, पाहिलं मात्र नव्हतं. पात कमी झाली तर ऊन बुंध्याशी जाईल, वरचा भार हलका होईल, आणि खाल्लेल्या खताचा माज थोडा तरी उतरेल. पण एक मोठा धोका होता. काडी गोल दिसायच्या थोडं आधीच तिच्या पोटात लोंबी जन्म घेते. आधी अगदी खाली, मुळाशी. मग काडीबरोबर ती वर वर चढत जाते. ती वर आली असली आणि त्याच उंचीवर दात किंवा विळा लागला, तर त्या काडीला लोंबी कधीच येणार नाही. मग पोचट दाणाही नाही.

भावानं नखानं एक काडी उभी चिरली. मी दुसरी. कमरेत वाकून आम्ही चिरत सुटलो. बुंध्यापासून बोटभर वर मला ती दिसली. कापसाच्या वातीच्या टोकाएवढी, पांढरी, ओली, रेशमासारखी. बोट लागलं तर विरघळेल अशी.

"हाय," मी म्हणाले. "अजून खाली हाय."

"हितली बी खालीच," भाऊ म्हणाला.

मामंजींना कळलं आमच्या मनात काय चाललंय ते, आणि त्यांचा आवाज चढला. "उभ्या हिरव्या पिकाला तोंड? पूजा न्हाय, नैवेद्य न्हाय, दाना न्हाय, आनि कापायचं? माज्या जल्मात असं झालं न्हाय."

मालक म्हणाले, "आबांचं बी खरं हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हिचं बी खरं हाय." मग आकाशाकडं बघितलं, कारण तिकडं कोणी भांडत नव्हतं.

मी सासरी पहिल्यांदाच आवाज चढवला. "मामंजी, रान तुमचं हाय. पर बी माज्या आईचं हाय. ते गेलं तर आमच्या घरात परत न्हाय." मामंजींनी बराच वेळ काठीनं बांध टोकरला. शेवटी मधल्या बांधाकडं बोट करून म्हणाले, "ह्याच्या पल्याडचं तुजं. अल्याडच्याला हात लावायचा न्हाय."

खाचराचं पाणी तोडलं, चर काढला, जमीन जरा आवळायची वाट बघितली. मग तात्यांनी वाजतगाजत कळप आणला. पुढं घंटा बांधलेला बोकड, मागं सगळी मेंढरं. बघायला गाव लोटलेलं. बोकडानं बांधावर थांबून भात हुंगलं. एक पाय खाली टाकला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. दुसरा टाकला, पोटापर्यंत रुतला. तिथून त्यानं जी आरोळी ठोकली, ती ऐकून सगळा कळप वळला आणि थेट उसात घुसला. तात्या कळपामागं, मालक उसासाठी तात्यांमागं, आणि बोकडाला कान धरून ओढणारा माझा भाऊ स्वतःच मांडीपर्यंत आत. गावाची करमणूक झाली. मामंजी बांधावर उभे राहून म्हणाले, "देवाला मान्य न्हाय. बोकडाला कळलं, तुमाला न्हाय कळलं."

मला मात्र हसू येईना. बोकड ओढेपर्यंत दुपार उलटली होती, आणि दिवसागणिक ती पांढरी वात काडीतून वर चढत होती. मी घरातून विळा आणला, पदर खोचला आणि आत उतरले.

किती उंचीवर कापायचं? मी माझ्या लुगड्याच्या खोचणीवर हात ठेवला. तिच्या वरचं सगळं जाईल, खालचं सगळं राहील. डाव्या हातात पातींची मूठ धरायची, उजव्यानं विळा ओढायचा. पहिली मूठ कापली तेव्हा माझंच कोणी केस कापतंय असं वाटलं. भाऊ शेजारी आला, थोड्या वेळानं दोन शेजारणी आल्या. मामंजींच्या डोळ्यांदेखत मालकही विळा घेऊन आले आणि माझ्याकडं न बघता दुसऱ्या टोकानं सुरू झाले. कापलेली पात तात्या भाऱ्यानं उचलून कळपाकडं नेत होते. त्यांच्याइतका सुखी माणूस त्या दिवशी पंचक्रोशीत नव्हता.

पाणी खाचरात शिरतं त्या तोंडाशी आले तेव्हा विळ्याच्या पात्याला काही तरी पांढरं चिकटलेलं दिसलं. मी बोटावर घेतलं. रेशीम. तिथं गाळ जास्त, रोपं आधी वाढलेली, काडी आधीच उंच झालेली. मी काय कापत होते? मागं वळून बघितलं तर कापलेल्या बुंध्यांची एक लांब पट्टी, आणि त्यातल्या किती काड्या मी वांझ केल्या होत्या ते कोणीच सांगू शकत नव्हतं.

"थांबा!" मी ओरडले. सगळ्यांचे विळे हवेत थांबले. भाऊ आला, त्यानं माझ्या बोटावरचं बघितलं, आणि माझं मनगट धरून वीतभर वर केलं. "हितनं कापा," एवढंच म्हणाला. पुढचं सगळं आम्ही प्रत्येक दोन पावलांवर एक काडी चिरून बघत, मग कापत गेलो. दिवस मावळला तेव्हा मधल्या बांधाच्या पलीकडं मुंडण केलेलं रान होतं आणि अलीकडं मामंजींचं काळंभोर भात वाऱ्यावर डुलत होतं. रस्त्यानं जाणारी माणसं आता थांबायची ती मला बघायला.

भाऊ धोंडे उपसायला परत गेला. जाताना म्हणाला, "आईला सांगतो, चांगलं हाय." मी मान हलवली. मामंजी त्या दिवसापासून माझ्याशी बैलामार्फत बोलू लागले. "सर्ज्या, तिला म्हनावं, च्या टाक." मीही सर्ज्याला सांगायचे, "म्हनावं, साखर संपलीया." सर्ज्या बिचारा रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायचा.

माझ्या अर्ध्याला नवी पात फुटली. फिकी, आखूड. सल्फेटचा कणही कोणी त्याच्या जवळ नेणार नाही याकडं मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. मालक नुसते पाटीजवळून गेले तरी मी खाकरायचे.

मग हस्त लागला. एका दुपारी इंदापूरच्या अंगानं आभाळ काळं झालं आणि आधी वारा आला. मी ओसरीवरून पळत सुटले. बांधावर पोचले तर मामंजी आधीच तिथं. आमच्या डोळ्यांपुढं त्यांचं भात एकदा वाकलं, उठलं, परत वाकलं, आणि मग बैठकीला बसलेली माणसं एकदम आडवी व्हावीत तसं या टोकापासून त्या टोकापर्यंत झोपलं. उठलं नाही. वरून पाऊस. माझ्या अर्ध्यातलं भात थरथरत होतं, पाण्याच्या तोंडाशी थोडं कलंडलं, पण उभं होतं.

मामंजींनी उसाच्या वाळल्या पाचटाचे बंध पिळून आडवी रोपं चारचार एकत्र उभी करून बांधायला सुरुवात केली. मी शेजारी बसून बांधू लागले. पाठीवर पाऊस, गुडघ्यापर्यंत चिखल. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "जरा आवळून बांध." सर्ज्या गोठ्यात होता. ते थेट मला म्हणाले होते.

भात निसवलं, पण उशिरा. माझ्या अर्ध्यातल्या लोंब्या आखूड होत्या, आणि जिथं माझा विळा चुकला त्या पट्टीत नुसत्या काड्या. फुलाचा वास मात्र आला. तो वास आला तेव्हा मी बांधावर बसून माहेर आठवत बसले नाही. रोज सकाळी दाणा नखानं दाबून बघायचे. चीक आला तर आत काही तरी धरतंय. एका दाण्यातून दुधाचा थेंब यायचा, शेजारच्यातून नुसती हवा. मामंजींच्या अर्ध्यात तर बहुतेक हवाच. थंडी लवकर पडली. थंडीनं दाणा भरायचा थांबतो हे मला ठाऊक होतं, म्हणून गोधडी ओढून घेतानाही डोळ्यांपुढं त्या लोंब्याच असायच्या.

कापणीला भाऊ आला. दोन्ही अर्ध्यांचं भात वेगळं झोडपलं, वारवलं. सुपातून फोल उडाला, दोन ढीग उरले. बघायला दोन्ही सारखेच, पिवळे, सुबक. भावानं दोन्हीकडून मूठ घेतली, तळहातावर खेळवली आणि म्हणाला, "काय कळंना. अर्धवट भरलेला दाना वाऱ्यानं जात न्हाय. पेरला तर उगवत बी न्हाय."

तेव्हा मालक बोलले. "मिठाच्या पान्यात टाकायचं. प्रात्यक्षिकाला साहेबानं करून दावलं हुतं. पान्यात मीठ घालत जायचं, अंडं तरंगलं का थांबायचं. मग त्यात बी टाकायचं. पोकळ त्ये वर, भरीव त्ये तळाला. लगीच गोड्या पान्यात धुवायचं."

"साहेबाचं ऐकूनच सल्फेट वतलंस न्हवं?" मामंजी म्हणाले.

"साहेबानं थोडंच घालाया सांगितलं हुतं," मालक म्हणाले आणि खाली बघू लागले.

अंड्याचा मोठाच पेच झाला. मामंजी माळकरी. "अंडं उंबऱ्याच्या आत यायचं न्हाय," म्हणाले. म्हणून घंगाळ गोठ्यात नेलं आणि तात्यांनी आपल्या मुंडाशातून, जसा काही हिराच, एक अंडं काढलं. मीठ घालत, ढवळत राहिलो. अंडं तळाशी. आणखी मीठ. अंडं उभं राहिलं. आणखी थोडं, आणि ते वर आलं. मामंजी पाठ करून उभे होते, पण मान वळलेली होती.

आधी त्यांचा ढीग टाकला, पाटीपाटीनं, वरचं काढत. घंगाळावर भाताची साय धरली. पाणी दिसेना. मामंजी वळले, बाह्या सारून त्यांनी हात तळापर्यंत घातला, चाचपत राहिले, आणि मूठ मिटून बाहेर काढली. उघडून बघितली नाही.

मग माझ्या ढिगातलं. भावानं पाटी धरली, मी ओतलं. तेही वर आलं. तशीच साय. मी हात मागं घेतला. तात्यांनी काठीच्या टोकानं साय बाजूला सारली, आणि मला पाण्यातून खाली जाणारे दाणे दिसले. एक, मग पुष्कळ. गिरक्या घेत, सावकाश, तळाला जाऊन बसत होते. भावानं वरचं सगळं ओंजळींनी काढून फेकलं, आणि अख्खा ढीग सरेपर्यंत आम्ही तेच करत राहिलो. तळाला पिवळा थर होता. फार जाड नव्हता, पण घंगाळाचं तांबं त्यातून दिसत नव्हतं.

भाऊ घंगाळाच्या काठावर हात ठेवून खाली बसला आणि रडायला लागला. आई रडली नव्हती, तिच्या वाटचं रडत असावा. "बाय," तो म्हणाला, "दोनी खाचरांना न्हाय पुरायचं. पर एकाला पुरंल."

गोड्या पाण्यात धुऊन ते बी आम्ही चटईवर वाळवलं. भाऊ फडक्यात बांधायला लागला तेव्हा मामंजी म्हणाले, "समदं नेता, पाव्हनं? पोरीच्या रानाला काय ऱ्हायलं?"

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. एका खाचरापुरतं बी, आणि खाचरं दोन. तिथं आईचं, इथं माझं. मी फडक्याची चारी टोकं धरून घट्ट गाठ मारली आणि ते त्याच्या हातात दिलं. "आईला दे. म्हनावं, परत दिलं."

तो गेला. मी चटई झटकायला वाकले, तर मामंजी अजून तिथंच. घंगाळातून काढलेले दाणे परत त्यांच्या मुठीत होते; ते केव्हा धुतले, केव्हा वाळवले, मला माहीत नाही. त्यांच्या निजलेल्या, बांधून उभ्या केलेल्या भातातले तेवढेच दाणे भरले होते.

"पदर धर," ते म्हणाले.

मालक पुढं झाले. "आबा, फुडल्या साली रोपाला नुसतं थोडंसंच..."

"तू उसाकडं जा," मामंजी म्हणाले, आणि त्यांनी मूठ माझ्या पदरात उघडली.